एकच वाट चार वेळा चाला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कासारवडवलीला राहता, वय चव्वेचाळीस. अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन दोन वर्षांत एका ग्रुपबरोबर नऊ किल्ले केलेत. परवा एका गडावर तिने विचारलं, "बाबा, इथे राहणारी माणसं पाणी कुठून प्यायची?" आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. लीडरला विचारलंत, तर तो म्हणाला, "टाकी आहेत की," आणि सगळ्यांना ग्रुप फोटोला उभं केलं. आता तुम्हाला घराजवळच्या डोंगरांत इतिहास बघायचाय. सुरुवात कुठून करावी, कुठलं पुस्तक घ्यावं आणि पुढचे दहा किल्ले कोणते, असं तुम्ही विचारलंय.

दहा किल्ल्यांची यादी मी देणार नाही. नऊ किल्ले करून जो प्रश्न सुटला नाही, तो एकोणिसाव्यालाही सुटायचा नाही. तुमची अडचण माहितीची नाहीच. किल्ल्याची माहिती फोनवर दोन मिनिटांत मिळते. पण ग्रुपबरोबर गेलं की डोळे पुढच्याच्या बुटांवर असतात, माथा गाठायचा असतो आणि साडेचारची लोकल पकडायची असते. माथ्यावर इतिहास पाऊण तास, वाटेवर पाच तास, आणि ते पाच तास वाया. माझं म्हणणं उलट आहे. माथा सोडा, वाट धरा. एकच वाट निवडा आणि वर्षात चार वेळा चाला.

माझ्याबद्दल एवढंच की ठाण्यात एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली बावीस वर्षं रविवारी माणसं घेऊन डोंगरात जाते. दहा-बारांपेक्षा जास्त कधीच नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तुमचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत नाही; चढताना दम लागला तर बसता येतं, उतरताना गुडघा बोलायला लागला की इलाज नसतो. दुसरं, येऊरचा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. डांबरी रस्ता आणि पाड्यांपर्यंतचा भाग वेगळा आणि आतलं जंगल वेगळं. आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते आणि नियम ऋतूप्रमाणे बदलतात. चौकीवर विचारा, नाही म्हणाले तर वाद न घालता परत फिरा. तिथे वायुदलाचा तळही आहे, त्या बाजूला कॅमेरा पिशवीतच ठेवा. तिसरी गोष्ट म्हणजे पाऊस, त्याबद्दल पुढे लिहिते.

तर वाट कुठली? तुमच्यासाठी येऊरचीच. कासारवडवलीत तुमच्या गॅलरीतून हिरवी भिंत दिसते ना, तीच ही रांग. उपवनच्या तळ्याकडून वर जाणारा वळणावळणाचा रस्ता, चौकी, मग गाव आणि पाडे. टीएमटीची बसही जाते, पण चढताना चाला आणि उतरताना बस घ्या. ट्रेकिंगवाले नाक मुरडतील, "येऊर काय, ती तर बंगल्यांची जागा." मुरडू देत.

पहिल्या फेरीला, म्हणजे जानेवारीत, मुलीला एकच काम द्या. रस्ता कुठे उभा चढतो आणि कुठे सपाट होतो ते वहीत टिपायचं. तिच्या लक्षात येईल की डोंगर एकसारखा चढत नाही, जिन्यासारखा चढतो. उभा कातळ, मग सपाटी, पुन्हा कातळ, पुन्हा सपाटी. हा सगळा सह्याद्री आणि त्याची पिल्लं लाव्हाच्या थरांची आहेत, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. एका थरावर दुसरा थर असा लाव्हा पसरत गेला. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, काळा आणि टणक. वरचा भाग बुडबुड्यांच्या भोकांचा, लवकर झिजणारा. कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल मातीची पट्टी असते, घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूला ती स्पष्ट दिसते. मऊ भाग झिजून सपाटी झाली, टणक भागाचा कडा राहिला. गडावरची माची आणि डोंगराचा पदर म्हणतात ती हीच सपाटी.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पावसाचं पाणी वरच्या थराच्या भेगांतून खाली झिरपतं. खाली घट्ट थर लागला की आडवं वाहायला लागतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे तो सांधा उघडा पडलाय तिथे झरा होऊन बाहेर येतं. म्हणून पाडे, देवळं, लेणी आणि टाकी डोंगरात कुठेही विखुरलेली नसतात, बहुतेक ठरावीक उंचीच्या पट्ट्यात सापडतात. एकदा हे कळलं की अनोळखी डोंगरावरही, "आता सपाटी आलीय, पाणी इथेच कुठेतरी असणार," असं म्हणता येतं. माझा अंदाज दहातून सात वेळा बरोबर येतो. उरलेल्या तीन वेळा तहान लागते.

हे नीट बघायचं तर एक दिवस बोरिवलीच्या बाजूने कान्हेरीला जा. येऊरच्याच डोंगराची ती पलीकडची कूस. शंभरावर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षांत कोरलेली. लोक तीन नंबरचं चैत्यगृह बघतात आणि परत येतात. तुम्ही प्रत्येक लेण्याच्या दाराशी डाव्या-उजव्या हाताला बघा. जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचं टाकं आहे. वरच्या कातळावर बोटभर खोलीच्या पन्हळी कोरल्यात, त्यांतून पावसाचं पाणी टाक्यात उतरतं. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात आणि ती पोढी खोदायला पैसे देणाऱ्यांची नावं लिहिलेली आहेत. त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणचा माणूस पुण्य म्हणून पाण्याची सोय करून देत होता. आणखी एक गंमत: इथल्या एका लेण्यात पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवलीत, सन १००९ आणि १०२१ ची. भिंतीवर नाव लिहायची खोड तेवढी जुनी आहे. तुम्ही मात्र लिहू नका.

तिथे मुलीला पुढचं गणित घाला, मी शाळेत सहावीला घालायचे. टाक्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, खोली काठीने किंवा अंदाजाने. समजा टाकं चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल आहे. म्हणजे चोवीस घनमीटर, चोवीस हजार लिटर. प्यायला आणि रांधायला माणशी पाच लिटर धरा आणि वीस माणसं धरा. दिवसाला शंभर लिटर. दोनशे चाळीस दिवस पुरलं. दोनशे चाळीस दिवस म्हणजे आठ महिने, म्हणजे ऑक्टोबर ते मे. पाऊस थांबतो तिथपासून पुन्हा सुरू होतो तिथपर्यंत! उन्हाने उडणारं पाणी यात धरलेलं नाही, म्हणून तर बरीच टाकी कातळाच्या पोटात, सावलीला कोरलेली असतात. पुढच्या वेळी गडावर गेलात की आधी टाकी मोजा आणि मग विचारा, इथे शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, किती राहत असेल. लीडर फोटो काढू देत.

आता त्या चार फेऱ्यांचं. जानेवारीत गवत वाळलेलं, हवा स्वच्छ, दगडाचा आकार दिसतो. दुसरी फेरी मार्चमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला, उजाडल्या उजाडल्या, आणि नऊ-साडेनऊला खाली. पानं गळालेली असतात, त्यामुळे जुन्या बांधांच्या ओळी, मोडक्या जोत्यांचे चौकोन, ढोरवाटा सगळं उघडं पडतं. इतिहास बघायला याहून चांगला ऋतू नाही, फक्त ऊन जीव काढतं. या फेरीत एकच बघायचं: कुठल्या पाणवठ्याला अजून पाणी आहे. मेमध्ये ज्या झऱ्यावर हंडे दिसतात, वस्ती त्याच झऱ्यामुळे आहे. तिसरी फेरी पावसात, आणि ती फक्त डांबरी रस्त्याने. ओढ्यात उतरायचं नाही, धबधब्याकडे जायचं नाही. चौथी ऑक्टोबरमध्ये. गवत कमरेएवढं, दमट उकाडा, आणि नशीब असेल तर कारवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे फुलांची आशा धरू नका, पण काठ्या बघा. पाड्यावरच्या जुन्या घराची कुडाची भिंत याच काठ्यांची, वर शेणामातीचा लेप. घर बांधायचं सामान घराच्या मागेच उगवतं.

पाड्यावरची माणसं वारली, महादेव कोळी, काही ठिकाणी कातकरी. गावाच्या कडेला शेंदूर लावलेला, वाघ कोरलेला दगड दिसला तर तो वाघोबा. वर बहुतेकदा चंद्र-सूर्य असतात. चपला काढा, हात लावू नका, फोटोआधी विचारा. दिवाळीच्या तोंडावर आश्विन वद्य द्वादशीला आपण खाली शहरात वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा करतो, त्याच तिथीला डोंगरात वाघबारस असते. तीच तिथी, खाली गाय आणि वर वाघ. बिबट्या इथे आजही आहे, म्हणून उजेड नीट पडायच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर जंगलाच्या कडेला रेंगाळू नका, आणि मुलीला एकटी पुढे पळू देऊ नका.

इथे माझी एक फजिती सांगते. वीसेक वर्षांपूर्वी एका पाड्यापलीकडे मला दगडांचं गोल कडं दिसलं. आत चोपून सपाट केलेली जमीन, मधोमध एक भोक. मी दहा जणांसमोर उभी राहून ऐटीत सांगितलं की हे जुन्या देवळाचं जोतं असावं आणि मधलं भोक ध्वजस्तंभाचं. थेट शिलाहार राजांपर्यंत गेले मी! डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी थांबून ऐकत होती. तिने मोळी उतरवली, तोंडाला पदर लावून पोटभर हसली आणि म्हणाली, ते आमच्या सासऱ्याचं खळं. भोक तिवड्याचं. तिवडा म्हणजे मळणीला बैल ज्याभोवती फिरवतात तो खांब. वरी-नाचणी मळायची जागा ती. भूगोलाची बाई आणि खळं ओळखता आलं नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय. दगडांची रचना दिसली की आधी विचारायचं, ही रोजच्या कामाची असू शकते का? खळं, गुरांचा गोठा, शेताचा बांध, कोळशाची भट्टी, पाणी अडवायची ताल. यातलं काहीच जुळलं नाही तरच देऊळ आणि राजे. आणि जवळ माणूस असेल तर आपण बोलायच्या आधी त्याला विचारायचं. शेतकऱ्याच्या खळ्यालाही इतिहास आहेच, फक्त त्यावर कुणी पाटी लावत नाही.

नावांबद्दलही असंच. तुमच्या घरापासून सुरू करा: वाघबीळ, मानपाडा, कोलशेत, कासारवडवली, ओवळा, गायमुख, घोडबंदर. नुसती पाटी वाचत गेलात तरी पाडा कुठे, शेत कुठे, बंदर कुठे हे कळतं. म्हणजे डोंगर कुठे संपतो आणि खाडी कुठे लागते. ठाणे ज्या बेटावर आहे त्याचं नाव साष्टी, ते सहासष्ट गावांवरून. शिलाहारांच्या ताम्रपटांत ठाण्याचं नाव श्रीस्थानक. इथपर्यंत ठीक. यापुढे प्रत्येक नावाची गोष्ट सांगणारा माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर भेटेल, आणि प्रत्येक गोष्टीत एक राणी, एक वाघ किंवा पांडव असतील. गोष्ट लिहून घ्या, कुणी सांगितली तेही लिहा, पण मुलीला 'असं म्हणतात' म्हणूनच सांगा.

घोडबंदरचा किल्ला तुम्हाला अर्ध्या तासावर आहे आणि तुमच्या नऊच्या यादीत तो नाही, याचं मला नवल वाटलं. टेकडी लहान, चढ दहा-पंधरा मिनिटांचा, पण जागा समजून घ्या. वर उभं राहिलात की उल्हास नदीची वसईकडे जाणारी खाडी खाली दिसते. कल्याणचा माल समुद्राकडे जायचा तो या पाण्याने, पलीकडे वसई, अलीकडे साष्टी. इथे बसलेला माणूस ये-जा करणारं प्रत्येक गलबत मोजू शकतो. पोर्तुगीजांनी म्हणूनच इथे बांधकाम केलं. १७३७ साली मराठ्यांनी साष्टीत मोहीम उघडली, ठाणं घेतलं, घोडबंदरही त्यातच आलं, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. तोच आज मध्यवर्ती कारागृह आहे, म्हणून आतून बघता येत नाही. ही सगळी तारीखवार भानगड वर्गात मुलांच्या डोक्यावरून जायची. त्या टेकडीवर उभं करून, "हे पाणी कुणाच्या हातात, त्याच्या हातात साष्टी," एवढंच सांगितलं की एका वाक्यात उतरायची.

एवढं झालं, की वर्षाच्या शेवटी मुलीला नाणेघाटात न्या. माझ्या मते ठाणे जिल्ह्यातून चालायची एकच वाट निवडायची झाली तर ही. सध्या तुमच्यासाठी ती वरची इयत्ता आहे, म्हणून शेवटी ठेवली.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे गाव मागे टाकलं की डाव्या-उजव्या हाताला नजर ठेवा, पायवाटेची पाटी लागते. गाडी तिथे ठेवायची. समोर कड्यात एक उभी खाच दिसते, शेजारी नानाचा अंगठा नावाचा सुळका. पहिला तास जंगलातून सौम्य चढ, मग वाट अंगावर येते. मुलीच्या वेगाने तीन तास धरा. शेवटच्या टप्प्यात पायाखाली दगडी फरसबंदी आणि पायऱ्या लागतात, तिथे थांबा. ही वाट गडावर जाणारी नाही, घाटावर जाणारी आहे. सोपारा आणि कल्याण ही बंदरं खाली, जुन्नर आणि पैठण वर. मधला कडा ओलांडायला बैलांना, माणसांना जमेल असा जो रस्ता केला, तो हा. तुम्ही लढाईसाठी बांधलेल्या वाटा चाललात, ही व्यापाराची. इथे चढ सोपा करायची धडपड दिसते, गडाच्या वाटेवर चढ अवघड करायची. पायऱ्यांची उंची मोजून बघा, हा फरक पायालाच कळतो.

माथ्याला लागता लागता गुहा आहे. आत दोन्ही भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत लेख, दोन्हीकडे मिळून वीस ओळी. सातवाहन राणी नागनिकेचा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुठले यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली त्याची ती यादी आहे: एके ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती, आणि नाण्यांचे आकडे वेगळे. आकडे अक्षरांत नाहीत, चिन्हांत आहेत. आपण आज लिहितो त्या अंकांचे ते पूर्वज. मुलीला अक्षरं लागणार नाहीत, पण अंक शोधायला सांगा, रमते. मागच्या भिंतीवर आठ पुतळे होते, सिमुक सातवाहन, स्वतः राणी, राजा सातकर्णी, त्यांचे कुमार. पुतळे गेले, काहींची नुसती पावलं उरलीत, पण वर नावं आहेत. त्यांत एक 'महारठी' म्हणून आहे. तो शब्द बोटाने दाखवला की वर्गातली सगळ्यात दंगेखोर पोरंही गप्प व्हायची.

माझा स्वतःचा विचार असा की हा लेख देवळात किंवा राजवाड्यात न लिहिता घाटाच्या तोंडाशी लिहिला, कारण वाचणारा तिथून जाणार होता. चढून दमलेला व्यापारी सावलीला बसला की समोर राजघराण्याच्या नावांची पाटी. बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकायचे असं सांगतात. ही गोष्ट मुलीला सांगा, मागे 'म्हणतात' जोडून. पण मला रांजणापेक्षा ती खाच जास्त बोलकी वाटते. तिथे उभं राहून मागे बघा: कोकण खाली पसरलेलं असतं आणि वारा टोपी उडवतो. कर घ्यायला याहून अरुंद जागा सापडली नसती.

तुमच्या एखाद्या नातेवाइकाचं घर नवी मुंबईत असेल तर बेलापूरच्या किल्ल्याचे उरलेले अवशेष आणि खारघरची टेकडी एका सकाळी होतात. पांडवकड्याला पावसात जाऊ नका. एकशेसात मीटरचा तो धबधबा दिसायला देखणा आहे, पण तिथे बुडून मुलं गेलेली आहेत आणि वनखातं बंदी घालतं ते उगीच नाही. पनवेलजवळ शिरढोण आहे, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. तिथून समोर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्यांचे आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार होते. गाव आणि गड एकाच दिवशी, या क्रमाने बघा: आधी नातवाचं घर, मग आजोबांचा गड.

पावसाबद्दल म्हटलं होतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी सलग दोन-तीन दिवस मुसळधार पडल्यावर मी कुणालाही घेऊन डोंगराखाली थांबत नाही, राहत तर नाहीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या वाडीत मी अनेकदा चहा प्यायले होते. वर जे मऊ थर सांगितले, पाणी मुरून तेच फुगतात आणि वरचा भार सोडून देतात. झरा देणारा थर आणि दरड सोडणारा थर एकच असू शकतो. आदल्या दिवशीचा हवामानखात्याचा इशारा बघा. लाल किंवा नारिंगी असेल तर घरी भजी करा.

पुस्तकाचं विचारलंय. विकत घेण्याआधी ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, उघडा. इंग्रजीत आहे, तेराव्या आणि चौदाव्या खंडात. चौदाव्यात गावांची अकारविल्हे माहिती आहे. सलग वाचू नका, झोप येईल. ज्या गावाला जाणार तेवढीच नोंद काढा, प्रिंट घ्या आणि जागेवर उभं राहून वाचा. तेव्हा तळं किती मोठं होतं, बंदरात काय माल यायचा, बाजार कुठल्या वारी भरायचा, आणि आज तिथे काय आहे. साहेबाने लिहिलेलं आहे, नावांची मोडतोड केलीय आणि लोकांबद्दलची मतं तर दातओठ खायला लावतात, पण मोजमाप बरं आहे.

गावाच्या वेशीवर, देवळामागे उभे दगड दिसतील, त्यांपैकी दोन ओळखायला शिका. वीरगळ: खालच्या चौकटीत लढाई किंवा पळवलेली गुरं, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताना, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालून वर वाचायचा. बोरिवलीच्या एकसरला आहेत त्यांवर चक्क नौकांची लढाई कोरलीय. दुसरा गधेगळ: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे ती, दगडात कोरलेली. शिलाहारांच्या मुलखात बरेच सापडतात. मुलीला अर्थ कसा सांगायचा हे तुमचं तुम्ही बघा. मी 'शाप' म्हणून सोडून देते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका. सकाळी आठच्या आत तिरप्या उन्हात जा, न चोळता वाचता येतात.

सामानाचं काय, ते तुम्हाला ठाऊक असेलच. फक्त पाणी माणशी तीन लिटर, मुलीलाही तेवढंच, आणि पाठीवरचं स्वतःचं तिने स्वतः वाहायचं. वही आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई घामाने पसरते. पाड्यावर खाऊ वाटत सुटू नका, पोरांना सवय लागते. त्यांच्याकडून करवंदं किंवा रानभाजी विकत घ्या आणि घासाघीस करू नका.

म्हणजे तुमचं वर्ष असं: येऊर चार वेळा, मधे कान्हेरी आणि घोडबंदर, डिसेंबरात नाणेघाट. सात रविवार. ग्रुपबरोबरचे किल्ले चालू ठेवायचे तर ठेवा, मुलीला मैत्रिणी मिळाल्या असतील तिथे. जानेवारीत पहिली फेरी केलीत तर परतताना चौकीच्या अलीकडच्या वळणावर एखादी सावर बघून ठेवा. तेव्हा ती नुसती काटेरी खांबासारखी असेल. दुसरी फेरी मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घेता आली तर तिच्यावर लाल फुलं आणि साळुंक्यांचा कालवा असेल, आणि वाट तीच असूनही मुलीला ती ओळखू येणार नाही.